टोटल लॉस गाडीच्या आरसीवर तशी नोंद हवीच

विमा कंपनीने टोटल लॉस ठरवलेली गाडी थेट भंगारात जाते, असा बहुतेकांचा समज आहे. जी गाडी पुन्हा उभी राहू शकते, तिच्या बाबतीत सहसा तसं होत नाही. ती लिलावात विकली जाते, टोइंगवर चढून शिळफाट्याच्या गोदामात किंवा तुर्भे, वागळे इस्टेटच्या एखाद्या गॅरेजात जाते आणि काही महिन्यांनी त्याच एमएच ०४ किंवा एमएच ४३ नंबरने घोडबंदर रोडवर धावायला लागते. मोडलेली गाडी नीट उभी करणं हे कसबाचं काम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच, की ही गाडी पुढे विकत घेणाऱ्या माणसाला तिचं काय झालं होतं हे कळण्याची अधिकृत सोय आपल्याकडे नाही. आरसीवर त्यासाठी रकानाच नाही. एम-परिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकला तर कर्ज आहे का, विमा कधी संपतो, कितवा मालक हे दिसतं. गाडी कधीकाळी छपरापर्यंत पाण्यात होती, हे दिसत नाही.

आधी टोटल लॉस म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं, कारण पुढचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. पॉलिसीवर गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, लिहिलेली असते. कंपनीच्या यादीतल्या किमतीतून वयानुसार घसारा वजा करून ती ठरते: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. गाडी उचलून आणण्याचा आणि दुरुस्तीचा एकूण खर्च या आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस.

दहा लाख यादी-किमतीच्या दोन गाड्या घेऊ. पहिली पाच महिन्यांची. आयडीव्ही साडेनऊ लाख, मर्यादा ७ लाख १२ हजार ५००. दुसरी साडेचार वर्षांची. आयडीव्ही पाच लाख, मर्यादा ३ लाख ७५ हजार. दुसऱ्या गाडीचे दोन दरवाजे, फेंडर, बोनेट, हेडलाइट आणि रेडिएटर गेले, अधिकृत वर्कशॉपने चार लाखांचं एस्टिमेट दिलं, की ती टोटल लॉस. जरी तिचा सांगाडा जागच्या जागी असला तरी. पहिल्या गाडीची पुढची चेसिस लेग (सांगाड्याचा इंजिनखालचा आडवा-लांब दांडा) वाकली, एप्रन (चाकामागचा आतला पत्रा) फाटला, खर्च साडेसहा लाखांवर गेला, तरी ती 'रिपेअर' या सदरात मोडते. म्हणजे टोटल लॉस हा हिशेबाचा निर्णय आहे. गाडीचा सांगाडा शाबूत आहे की नाही, याबद्दल तो काहीच सांगत नाही. म्हणूनच सरसकट सगळ्या टोटल लॉस गाड्यांवर बंदी घाला, ही मागणी चुकीची आहे. आणि नोंद ठेवायची तर ती केवळ रकमेवरून ठेवून चालणार नाही.

आता लिलावाकडे या. ठोकलेली गाडी 'आरसीसह' आणि 'आरसीशिवाय' अशा दोन भावांनी जाते आणि आरसीसह भाव वरचा असतो. इंजिन, गिअरबॉक्स, दरवाजे सुटे करून विकायला आरसी लागत नाही. मग जास्तीचे पैसे कशाचे? ते त्या गाडीच्या ओळखीचे असतात. प्रामाणिक कारागिराला ती ओळख गाडी उभी करून कायदेशीर विकायला हवी असते. दुसऱ्या प्रकारच्या गिऱ्हाइकाला ती त्याच मॉडेलच्या, त्याच रंगाच्या चोरीच्या गाडीला चिकटवायची असते: मोडक्या गाडीचा चेसिस नंबर असलेला पत्र्याचा तुकडा कापायचा, चोरीच्या गाडीत वेल्ड करायचा, वर प्रायमर-पेंट मारला की काम झालं. दोन्ही गिऱ्हाइकं एकाच लिलावात, एकाच भावाने बोली लावतात आणि व्यवस्था दोघांना वेगळं ओळखू शकत नाही.

पनवेलचं २०२१ चं प्रकरण आठवत असेल. पुरात भिजल्यामुळे भंगार म्हणून काढलेल्या नव्याकोऱ्या बीएस-४ (जुन्या प्रदूषण मानकाच्या) गाड्या चेसिस नंबरमध्ये फेरफार करून परराज्यांत नोंदवल्या आणि विकल्या गेल्या. नवी मुंबई पोलिसांनी सुमारे दीडशे गाड्या जप्त केल्या. घेणारे साधे नोकरदार, कर्ज काढून गाडी घेतलेले. गाडी पोलिसांच्या आवारात आणि हप्ता चालूच, अशी त्यांची गत झाली.

या सगळ्यातली सगळ्यात मोठी फट म्हणजे कोऱ्या फॉर्मवरची सही. क्लेम निकाली काढताना मूळ मालकाकडून फॉर्म २८, २९ आणि ३० या मालकी बदलाच्या कागदांवर सह्या घेतल्या जातात, कर्ज असेल तर बँकेचं एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५, दोन्ही चाव्या, मूळ आरसी. खरेदीदाराच्या नावाची जागा मोकळी. लिलावात गाडी घेणारा ती स्वतःच्या नावावर करतच नाही. तो गाडी उभी करतो, गिऱ्हाईक शोधतो आणि गिऱ्हाइकाचं नाव त्या मोकळ्या जागेत लिहितो. कागदावर गाडी थेट पहिल्या मालकाकडून नव्या मालकाकडे गेली. मधले लिलाव, गोदाम, गॅरेज कुठेच उमटले नाहीत. जाहिरातीत 'फर्स्ट ओनर' लिहिलेलं असतं आणि कागदोपत्री ते खरंही असतं.

मधल्या काळात त्या गाडीने कुणाला उडवलं तर? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की नुकसानभरपाईच्या दृष्टीने आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक. ज्या माणसाने गाडी पाण्यातून गेली म्हणून विमा कंपनीच्या हवाली केली, त्याच्याच पत्त्यावर न्यायाधिकरणाची नोटीस येऊ शकते.

आता प्रत्यक्ष काम. समोरून ठोकलेली मोनोकॉक गाडी (जिची बॉडी हाच सांगाडा असतो) नीट उभी करायची तर पहिली पायरी मोजमापाची. इंजिन-सस्पेन्शन उतरवून बॉडी बेंचवर, म्हणजे मापं घेऊन ओढायच्या लोखंडी चौकटीवर, बांधायची, कंपनीच्या पुस्तकातल्या कर्णाच्या मापांशी ताडून बघायची. फरक दोन-तीन मिलिमीटरच्या आत आणेपर्यंत ओढायची. ओढताना गाडी ज्या क्रमाने चेपली त्याच्या उलट क्रमाने उलगडावी लागते. लेगवर कंपनीने मुद्दाम दिलेल्या चुण्या असतात, टक्कर तिथे जिरावी म्हणून. त्या एकदा मिटल्या की तो भाग ठोकून सरळ करायचा नसतो, बदलायचा असतो. नवा तुकडा लावताना मूळ स्पॉट वेल्ड ड्रिलने काढायचे, जोडाच्या पत्र्याला जस्ताचा प्रायमर, स्पॉट गन नसेल तर साधारण आठ मिलिमीटरची भोकं पाडून मिगने प्लग वेल्ड, शेवटी आतल्या पोकळीत मेण. बी-पिलरसारख्या भागांत हल्ली तापवून ठसा दिलेलं अतिउच्च ताकदीचं पोलाद असतं. त्यावर गॅसची ज्योत धरली की ते नरम पडतं. बाहेरून फरक कळत नाही. पुढे कधी बाजूने धडक बसली की पिलर आत येतो.

घाईच्या कामात यातलं काय होतं? एक टोक भिंतीला किंवा झाडाला साखळीने बांधून ओढतात, दुसऱ्या गाडीचा अर्धा पुढचा भाग कापून आणतात, फायरवॉलजवळ वेल्ड मारतात, वर पुट्टी आणि अंडरकोट. चाकांचं अलाइनमेंट मशीनवर कसंबसं हिरव्यात बसवलं की झालं. अशी गाडी सरळ चालते, एसी थंड करते, गिऱ्हाईक खूश होतं.

एअरबॅगचा प्रकार तर माणसाच्या जिवाशी खेळ आहे. एअरबॅग फुटली की नुसती पिशवी बदलून भागत नाही. सोबत सीट बेल्टचे प्रीटेन्शनर (टक्करीत पट्टा आवळणारे) उडालेले असतात, स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग (एअरबॅगला वीज पोचवणारी) बहुधा जळलेली असते, डॅशबोर्ड फाटलेला असतो, पुढचे सेन्सर चेपलेले असतात आणि कंट्रोल युनिटमध्ये टक्करीचा डेटा लॉक झालेला असतो. हे सगळं नवं घालायचं तर मधल्या आकाराच्या गाडीतही लाखभर रुपये सहज जातात. म्हणून मग कनेक्टरमध्ये दोनेक ओमचा रेझिस्टर खोचतात. युनिटला वाटतं एअरबॅग जागेवर आहे, दिवा विझतो. फाटलेल्या डॅशबोर्डला फायबर भरून रेक्झिन लावतात. स्टिअरिंगवर झाकण बसतं, आत पोकळी. चालकाच्या बाजूची एअरबॅग २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीची आहे. ज्या मानकांवर ही गाडी नोंदली गेली, ती मानकं तिने केव्हाच सोडली, आणि तरीही तिची आरसी वैध आहे.

ठाणे-नवी मुंबईत याहून मोठा प्रश्न भिजलेल्या गाड्यांचा आहे. मुसळधार पाऊस झाला की, आणि खाडीलगत त्यात भरतीही आली की, वंदना टॉकीजचा परिसर, कळवा-दिव्याचा सखल भाग, पनवेलला गाढीकाठ, बदलापूरला उल्हासकाठ इथे पाणी चढतं. सोसायट्यांचे बेसमेंट तर टाकीसारखे भरतात. खाडीलगतच्या पाण्यात क्षार असतात, आणि गोड्या पाण्याच्या मानाने खारं पाणी तांब्याच्या तारेला कितीतरी लवकर खातं.

पाणी कार्पेटपर्यंतच आलं आणि गाडी कुणी चालू केली नाही, तर ती वाचते. बॅटरी लगेच काढायची, सीट-कार्पेट उतरवून खालचा फोम फेकून द्यायचा, जमिनीलगतचे कनेक्टर उघडून आधी गोड्या पाण्याने, मग कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवायचे; इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल सगळं नवं. प्लग किंवा इंजेक्टर काढून क्रँक हाताने फिरवायचा, मगच सेल्फ. याच्या उलट, पाण्यात कुणी सेल्फ मारला असेल तर सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. थोडाच वाकला असेल तर इंजिन चालू होतं, महिनोन् महिने चालतं आणि एक दिवस रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

पाणी डॅशबोर्डपर्यंत चढलं असेल तर आमच्या मते ती गाडी रस्त्यावर परत येऊ नये. एअरबॅगचं कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत मधल्या बोगद्यावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर असतं; बॉडी कंट्रोल मॉड्युल, फ्यूज बॉक्स, पॉवर स्टिअरिंगचं युनिट डॅशबोर्डखाली. पाणी तारेच्या टोकातून शिरतं आणि इन्सुलेशनच्या आतून वर चढत जातं. वाळवल्यावर सगळं चालतं. सहा-आठ महिन्यांनी हिरवट गंज पिन खातो, आणि मग कधी एबीएसचा दिवा लागतो, कधी चालत्या गाडीचं स्टिअरिंग जड होतं. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरी पॅकमध्ये खारं पाणी शिरलं असेल तर धोका आणखी वेगळा: आतल्या आत शॉर्ट होऊन आग लागायला काही दिवस किंवा आठवडेही जाऊ शकतात. बेसमेंटमधल्या शेजारच्या गाड्यांचाही त्यात विचार हवा.

'घेणाऱ्याने बघून घ्यावं' हे यावरचं नेहमीचं उत्तर. जाणता मेकॅनिक तासाभरात काय बघू शकतो? सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या हातभर पट्टीवर गाळाची रेघ आहे का. स्टेपनीच्या खड्ड्यात रेती. दरवाजाचं रबर बीडिंग सोडवून आतले स्पॉट वेल्ड गोल आणि समान अंतरावर आहेत का. फेंडरच्या बोल्टवर पान्याच्या खुणा. सगळ्या काचांवरचं साल जुळतं का. पेंट मोजायचं यंत्र कंपनीच्या पेंटवर साधारण शंभर-दीडशे मायक्रॉन दाखवतं, पुट्टीवर आकडा पाचशे-हजारच्या पुढे जातो. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा स्वतंत्रपणे लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. ऑइलच्या दिव्यासोबतच विझत असेल तर एअरबॅगच्या दिव्याची तार ऑइलच्या दिव्याला जोडलेली आहे. चार वर्षांच्या गाडीच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस शून्य असेल तर कारण विचारायचं.

हे सगळं जरूर करावं. पण रेझिस्टर लावलेली एअरबॅग डॅशबोर्ड उतरवल्याशिवाय दिसत नाही. ज्योतीने नरम झालेला पिलर कापल्याशिवाय कळत नाही. वाकलेला रॉड इंजिन खोलल्याशिवाय सापडत नाही. कुठलाही विकणारा एवढं उघडू देणार नाही. आणि खाजगी गाडीची पहिली फिटनेस तपासणी नोंदणीनंतर थेट पंधरा वर्षांनी होते. टॅक्सी-टेम्पोला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि मग दरवर्षी जावं लागतं, पण मोडून जोडलेल्या खाजगी कारकडे सरकारतर्फे कुणी बघतच नाही. पीयूसी फक्त धूर मोजतं.

बरं, माहिती नाही असंही नाही. नुकसान तपासणाऱ्या विमा सर्व्हेअरच्या अहवालात कुठला भाग कुठे वाकला, एअरबॅग किती फुटल्या, पाणी कुठवर होतं, हे फोटोंसकट लिहिलेलं असतं. तो विमा कंपनीच्या संगणकात पडून राहतो. क्लेमचे पैसे देतानाच त्यातला सारांश आरटीओच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत चढला पाहिजे आणि गाडी कुठल्याही राज्यात गेली तरी आरसीवर राहिला पाहिजे. अमेरिकेत राज्या-राज्यांच्या मालकीपत्रावर अशी नोंद होते. ब्रिटनची पद्धत आपल्याला जास्त उपयोगी आहे. तिथे खर्चावर ठरणारे सी आणि डी हे वर्ग ऑक्टोबर २०१७ मध्ये बदलून सांगाड्यावर ठरणारे एस आणि एन आणले: एस म्हणजे सांगाड्याला इजा, एन म्हणजे नाही. त्यांच्या वरचे ए आणि बी. ए वर्गातली गाडी सगळीच चिरडायची, बी वर्गाचे सुटे भाग वापरता येतात पण बॉडी चिरडायची. वर म्हटलेल्या दोन गाड्यांचा पेच नेमका इथे सुटतो, फक्त एक भर हवी: सांगाड्याला इजा असेल तर क्लेम 'रिपेअर' सदरात असला तरी नोंद व्हावी.

आपल्याकडे ए-बीसाठी वेगळा कायदाही लागणार नाही. कायमची निकामी झालेली गाडी मालकाने चौदा दिवसांत आरटीओला कळवावी, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ मध्ये १९८८ पासून आहे. २०२१ च्या नियमांनी अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रंही आणली. आरसीला बाजारात भाव असल्याने तिकडे कुणी फिरकत नाही, म्हणून डॅशबोर्डपर्यंत भिजलेल्या, जळलेल्या आणि मधून दुमडलेल्या गाड्यांची आरसी विमा कंपनीनेच रद्द करून घ्यावी, हे बंधन हवं. कोऱ्या फॉर्मचा इलाजही अर्धा तयार आहे: १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरकडे गाडी सोपवली की त्याची नोंद पोर्टलवर होते आणि जबाबदारी त्याच्यावर जाते. हेच लिलावातल्या खरेदीदाराला सक्तीचं करावं.

उभी केलेली गाडी रस्त्यावर येण्याआधी एकदा तपासली जावी, आणि तपासणीला नुसती गाडी नको. पुट्टी मारण्याआधीचे वेल्डचे फोटो, बेंचवरच्या मापांची प्रिंट, एअरबॅग-बेल्टची बिलं, जुना भाग असेल तर तो ज्या गाडीतून काढला तिचा नंबर, आणि कंट्रोल युनिटचा स्कॅन.

यावर पहिला आक्षेप येतो तो आरटीओच्या नावाने: तपासणी म्हणजे चिरीमिरीचा नवा खिडकीदर. ही भीती खरी आहे. म्हणूनच टोटल लॉसची नोंद तपासणीवर अवलंबून नसावी. ती विमा कंपनीच्या संगणकातून आपोआप यावी आणि कुणालाही पुसता येऊ नये. तपासणी ढिली झाली तरी घेणाऱ्याला निदान इतिहास कळेल.

दुसरा आक्षेप, अशा गाड्यांचा भाव पडेल. पडेलच, पडायलाच हवा. आज प्रामाणिक गॅरेजवाला बेंचवर आठ दिवस घालवतो, नव्या एअरबॅग घालतो आणि त्याची गाडी रेझिस्टरवाल्याच्या गाडीच्या भावानेच विकली जाते, कारण दोन्हींची आरसी सारखीच दिसते. तुर्भ्याच्या चांगल्या डेंटरचं नुकसान नोंदीमुळे होणार नाही, ते आज होतं आहे. लिलावात विमा कंपन्यांना कमी पैसे मिळतील आणि प्रीमियम थोडा वाढेल, हेही शक्य आहे. पण आज ती रक्कम शेवटचा, काहीच न कळलेला खरेदीदार भरतो.

एक उणीव मात्र राहील. ज्या गाडीला फक्त थर्ड पार्टी विमा आहे, तिचा क्लेमच होत नाही. ती ठोकून, भिजून गुपचूप दुरुस्त झाली तर नोंद कुठून येणार? नोंद नसणं म्हणजे गाडी निर्दोष असल्याची हमी नव्हे, हे घेणाऱ्याला सांगत राहावं लागेल.

नियम बदलेपर्यंत ज्याची गाडी टोटल लॉसमध्ये निघाली आहे त्याच्या हातात काही गोष्टी आहेत. फॉर्म २९ आणि ३० वर खरेदीदाराचं नाव, पत्ता आणि तारीख भरल्याशिवाय सही करू नका. विमा कंपनी नाव देत नसेल तर ईमेलवर लेखी मागा. गाडी उचलून नेताना तारीख, वेळ आणि चेसिस नंबर असलेली पोच घ्या, ओडोमीटर आणि चारही बाजूंचे फोटो काढून ठेवा. गाडी दिल्याचं चौदा दिवसांच्या आत आपल्या आरटीओला कळवा आणि पत्राची पोच जपून ठेवा. महिनाभराने एम-परिवहनवर गाडीचा नंबर टाकून बघा. नाव अजून तुमचंच दिसत असेल तर विमा कंपनीला आणि आरटीओला पुन्हा लेखी कळवा, त्यात पोचपावतीची प्रत जोडा.